कुपारीची पडकी हॉटेलं आणि भिलारच्या दोन खोल्या

क्रोएशियातल्या दुब्रोव्निक शहरातून विमानतळाच्या रस्त्याला लागलं की शहर सुटल्यावर थोड्याच वेळात कुपारीचा किनारा येतो. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे स्पष्ट दिसतात. त्या किनाऱ्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठमोठी हॉटेलं रांगेनं उभी होती आणि एकातही माणूस नव्हता. खिडक्यांना काचा नाहीत, कुठं कुठं चौकटीसुद्धा नाहीत. मी साताऱ्यात आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, आता तिकडच्या एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे. त्यामुळे माझी नजर आधी भिंतीतल्या बोर्डांच्या खोक्यांकडे गेली. खोकी रिकामी होती. तांब्याची तार कधीच कुणीतरी ओढून नेली होती.

ऑक्टोबरअखेर तिकडचा हंगाम संपतो, आमचं हॉटेल मार्चपर्यंत बंद राहतं आणि मी महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला घरी येतो. इकडे तेव्हा स्ट्रॉबेरीची गडबड सुरू होत असते. गावात भेटणारे बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. "तिकडं लढाई झाली होती ना रे? मग एवढे पाव्हणे परत आले कसे? सरकारनं काय केलं?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. दुसरं कारण आमच्या घरच्या दोन खोल्यांचं आहे. ते पुढं येईल.

क्रोएशिया १९९१पर्यंत युगोस्लाव्हियाचा भाग होता आणि पर्यटनावर त्याचं चांगलं चालत होतं. १९८७ साली तिथं पर्यटकांचे पावणेसात कोटींहून अधिक मुक्काम नोंदले गेले. १९९१ला युद्ध सुरू झालं आणि त्या वर्षी हाच आकडा कोटीभरावर आला. ऑक्टोबर १९९१मध्ये दुब्रोव्निकला युगोस्लाव्ह सैन्याचा वेढा पडला, वीज तुटली, पाणी तुटलं. ६ डिसेंबरला जुन्या शहरावर सगळ्यात जबर तोफमारा झाला. हे जुनं शहर १९७९पासून युनेस्कोच्या यादीत होतं. तटाच्या आतल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना मारा लागला, नऊ पूर्ण जळाल्या. कुपारीची हॉटेलं तर युगोस्लाव्ह सैन्याच्याच मालकीची, अधिकाऱ्यांनी सुट्टीला यावं म्हणून उभारलेली. त्याच सैन्याच्या हल्ल्यात ती पडली आणि नंतर लुटली गेली.

गोळे लागले आणि हॉटेलं पडली, एवढंच घडलं नाही. मला हे आमच्या मेंटेनन्सच्या मुख्य माणसानं सांगितलं. साठीकडे झुकलेला माणूस आहे, वेढ्याच्या वेळी तो पंचविशीत होता. झुपा आणि कोनाव्ले हा दुब्रोव्निकच्या दक्षिणेचा भाग, तिथली गावंच्या गावं जाळली गेली. तिथली माणसं शहरात आली आणि त्यांना ठेवलं कुठं, तर हॉटेलांत. सगळ्या किनाऱ्यावर असंच झालं. देशभरातून विस्थापित झालेली कुटुंबं वर्षानुवर्षं हॉटेलच्या खोल्यांत राहिली. एका खोलीत चार-पाच माणसं, तिथंच स्टोव्ह, तिथंच कपडे वाळत घातलेले. तो म्हणतो, "त्यांना बोल लावू नकोस. आमची आत्यासुद्धा त्यातच होती. त्या हॉटेलांमुळं माणसं जगली." हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पडझडीनंतर हॉटेलं दुरुस्त करायला सरकारनं पैसे द्यावेत का, असा प्रश्न कुणी विचारला तर आधी हे सांगायला हवं की संकटात त्याच इमारती सरकारच्या कामी आल्या होत्या.

आता दुरुस्ती म्हणजे काय ते बघा. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हे माझं काम आहे. बाहेरून बघणाऱ्याला हॉटेल म्हणजे खोल्या आणि पलंग दिसतात. पण बंद पडलेलं हॉटेल उघडताना पलंगाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी छप्पर. छपरातून एक पावसाळा जरी पाणी आत आलं तरी खालचे स्लॅब भिजतात, आतल्या सळीला गंज चढतो, सळी फुगते आणि काँक्रीट तडकतं. समुद्राची खारी हवा असेल तर हे दुप्पट वेगानं होतं. मग पाणी : पाइप आतून गंजलेले असतात, वापर नसल्यामुळे गाळ धरलेला असतो, बॉयलर बाद झालेला असतो. मग वीज : सगळी वायरिंग नवी ओढायची, कारण जुन्या वायरीचं आवरण कुठं सुकलंय ते भिंतीबाहेरून कळत नाही. मग लिफ्ट, भटारखाना, थंडाव्याची यंत्रणा, लाँड्री. शंभर खोल्यांचं हॉटेल लाँड्रीशिवाय एक दिवस चालत नाही. हे सगळं झाल्यावर रंग, गाद्या, पडदे. आणि एवढा खर्च करून दार उघडलं तरी पाहुणा लगेच दारात उभा नसतो. युरोपातल्या सहली विकणाऱ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याच्या खोल्या आदल्या वर्षीच ठरवतात. म्हणजे पैसा आज घालायचा, पहिली कमाई दीड-दोन वर्षांनी. असं कर्ज साधी बँक सहसा देत नाही, दिलं तर असं व्याज लावते की मालक बुडतो. अशा ठिकाणी सरकारला मध्ये यावंच लागतं.

क्रोएशियानं १९९२ साली, युद्ध चालू असतानाच, पुनर्बांधणीसाठी सरकारी बँक काढली. नमुना होता जर्मनीतल्या पुनर्बांधणी बँकेचा, जी १९४८ साली मार्शल योजनेच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं युरोपला दिलेल्या मदतीच्या, पैशावर उभी राहिली. या क्रोएशियन बँकेनं पुढे पर्यटनाला लांब मुदतीची कर्जं दिली. मोठ्या हॉटेलांची गोष्ट संमिश्र आहे. १८९७चं इम्पीरियल हॉटेल युद्धात जळालं होतं, ते एका मोठ्या साखळीच्या नावानं २००५ला पुन्हा उघडलं. समुद्राच्या कड्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारं लिबर्टास २००७ला उघडलं. म्हणजे युद्ध संपल्यावर दहा-बारा वर्षांनी. बेल्वेडेअर मात्र युद्धापूर्वी जेमतेम काही वर्षं चाललं आणि तेव्हापासून पडूनच आहे. कुपारी तीस वर्षांहून अधिक काळ तसंच राहिलं. मालकी सैन्याकडून सरकारकडे आली, एकच मोठा खरेदीदार शोधायचा असं ठरलं, करार लांबत गेले. आता कुठं तिथं आलिशान रिसॉर्टचं काम हाती घेतलंय. मधल्या काळात तिथल्या तिथं जन्मलेली मुलं नोकरीला लागली, पण कुपारीत नाही.

मग पाहुणे उतरले कुठं? याचं उत्तर मला माझ्या घरमालकिणीच्या घरात मिळालं. झुपामध्येच तिच्या घरी मी भाड्यानं राहतो. तिचं घर १९९१च्या शरदात जळालं. फक्त दगडी भिंती उरल्या. युद्धानंतर सरकारनं नुकसानीच्या सहा पायऱ्या ठरवल्या होत्या, अभियंते घरोघर जाऊन घर कुठल्या पायरीत बसतं ते लिहीत आणि त्याप्रमाणे मदत मिळे. तिचं छप्पर आणि खालचा मजला असा उभा राहिला. वरचा मजला तिनं आणि नवऱ्यानं नंतर कर्ज काढून चढवला, तीन खोल्या केल्या, प्रत्येकीला वेगळी मोरी. उन्हाळ्यात तिथं जर्मन, पोलिश कुटुंबं राहतात. घरात खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना तिथं हिशेबाच्या वह्यांचा जाच नाही, दर खाटेमागे वर्षाला ठरावीक कर भरला की झालं. आज क्रोएशियात पर्यटकांसाठी जेवढ्या खाटा आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा घरांमध्ये आहेत. हॉटेलं मागून आली, ही घरं आधी उघडली.

तिथल्या सरकारनं पुढे आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. २०००नंतरच्या काळात दोन कर्ज योजना आल्या. एक छोट्या, कुटुंबानं चालवायच्या हॉटेलांसाठी. दुसरी जुनी दगडी घरं दुरुस्त करून त्यात पाहुणे ठेवायला, तिचं नावच ‘शंभर वर्षांच्या छपरांखाली’ अशा अर्थाचं होतं. दोन्हींत व्याजाचा काही भार सरकार उचलत असे. गावात नवं काही उभं करायची गरज नाही, आहे ते नीट करा, असा त्यामागचा विचार. मला ही योजना मनापासून आवडते.

ऑस्ट्रियाचं उदाहरण मी तिथल्या एका सहकाऱ्याकडून ऐकलं, मग स्वतः वाचून काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया चार फौजांमध्ये वाटलेला होता, टिरोलमध्ये फ्रेंच, साल्झबुर्गमध्ये अमेरिकन. तिथं १९४७ साली खास हॉटेलांच्या कर्जांसाठी संस्था निघाली. १९४८पासून मार्शल योजनेचा माल येऊ लागला. यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेनं दिलेला गहू, यंत्रं, कोळसा ऑस्ट्रियातच स्थानिक पैशात विकला जाई आणि तो पैसा एका वेगळ्या निधीत साठे. त्या निधीतून डोंगरातल्या हॉटेलांना आणि रोपवेच्या पाळण्यांना स्वस्त कर्जं मिळाली. कर्ज फिटलं की तोच पैसा दुसऱ्याला. १९६०च्या दशकात त्या निधीचा कायदा झाला आणि तो आजही कर्जं देतो. टिरोलच्या खोऱ्यात आज जी घराण्यांनी चालवलेली हॉटेलं दिसतात, त्यातल्या कितीतरींची दुरुस्ती त्या काळातली. अनुदान एकदा वाटलं की संपतं, असं फिरतं कर्ज संपत नाही. आपल्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना हे वेगळं सांगायची गरज नाही, त्यांचं सगळं त्याच तत्त्वावर चालतं.

आता भिलार.

आमचं गाव ४ मे २०१७ला पुस्तकांचं गाव झालं. सरकारनं पुस्तकं, कपाटं, खुर्च्या दिल्या, जागा गावातल्या लोकांनी आपल्या घरांत दिली. पंचवीस ठिकाणी हे सुरू झालं. याचं मला फार अप्रूप आहे, कारण सरकारनं वेगळी इमारत बांधली नाही, लोकांच्या पडवीवर भरवसा ठेवला. दुब्रोव्निकला मी हे सांगतो तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. वाचायला येणारा माणूस दुपारी येतो, आणि चांगली खोली मिळाली तर रात्री राहतो. म्हणून गावात खोल्या वाढल्या. आमच्या घरीही दोन आहेत. घर आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. महाबळेश्वर तालुक्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. दर वर्षी मे संपता संपता भिंतींना गवताच्या झड्या बांधाव्या लागतात. तरी गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीचे वासे कुजले, रिपा सुटल्या, पाणी गादीवर. हिवाळ्यात मी आलो तेव्हा आई म्हणाली, "एक खोली बंद ठेवलीय बाबा. पाव्हण्याला गळक्यात झोपवू व्हय?"

लढाई आमच्याकडं झाली नाही. पण २०२०-२१मध्ये खोल्या जशा रिकाम्या पडल्या आणि जुलै २०२१च्या पावसात आंबेनळी घाटासकट रस्ते जसे तुटले, तेव्हा कमाई शून्यावर येणं म्हणजे काय ते कळलं. त्या काळात केंद्र सरकारनं हमीवर कर्ज द्यायची योजना काढली आणि हॉटेल, लॉज यांना तिचा लाभ दिला. सहा वर्षांची मुदत, त्यात पहिली दोन वर्षं मुद्दल नाही. रचना चांगली होती. पण ती होती आधीच कर्ज असलेल्यांसाठी : २९ फेब्रुवारी २०२०ला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या ठरावीक टक्क्यांत नवं कर्ज. ज्या कुटुंबानं भिशी फोडून, स्ट्रॉबेरीच्या पैशातून, बँकेत न जाता खोल्या बांधल्या, त्याच्या नावावर बाकीच नव्हती. भिलारमध्ये अशी घरं बरीच आहेत. आमचं त्यातलंच एक.

राज्याची ‘आई’ नावाची योजना २०२३ला आली, ती आमच्यासारख्यांना जास्त जवळची. पर्यटनाचा व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, बारा टक्क्यांच्या मर्यादेत, पर्यटन विभाग परत देतो. सात वर्षं किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत. मी वाचलं तेव्हा झुपामधल्या घरमालकीण मावशीची आठवण झाली. खोल्या सगळीकडे बायकाच चालवतात. चादरी, चहा, नाश्ता, हिशेब, रात्री बाराला आलेल्या पाहुण्याला दार उघडणं, सगळं त्याच करतात, आणि कागदावर नाव असतं नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. आईचंही तेच. बँकेत आम्ही गेलो, साहेबांनी नीट ऐकून घेतलं, आणि उतारा मागितला. घर अजून आजोबांच्या नावावर, वारस आण्णा, दोन चुलते आणि आत्या. सगळे एका विचाराचे आहेत, भांडण काही नाही. पण बँकेला आईच्या नावाचा कागद हवा. व्याजाचा परतावा कर्ज मिळाल्यावर, आणि कर्ज उताऱ्यापाशी अडलेलं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. संकटानंतर पर्यटन उभं करायचं तर सरकारचा पैसा आधी दोन-चार खोल्यांच्या घरापर्यंत पोचला पाहिजे, आणि तो पोचायच्या वाटेतले कागद सरकारनंच पुढं होऊन सरळ केले पाहिजेत. क्रोएशियात नुकसान लिहायला माणूस घरी आला होता. आपल्याकडे तलाठी आणि ग्रामसेवक एका दिवशी गावात बसले, वारसनोंदी आणि खोल्यांची नोंद जागेवर केली, तर भिलारमधल्या निम्म्या अर्जांची अडचण संपेल. पुस्तकांच्या गावासाठी एवढे विभाग एकत्र आले, हे तर त्याहून सोपं आहे.

दुसरं, हप्ता. आमची कमाई नोव्हेंबर ते मे. जून ते सप्टेंबर गावात ढग उतरलेले असतात, खोल्या बंद. दर महिन्याचा सारखा हप्ता पगारदाराला ठीक आहे. पीककर्जाची फेड पिकाच्या हंगामाला धरून ठरते, तशीच खोल्यांच्या कर्जाची फेड पाहुण्यांच्या हंगामाला धरून ठरावी. आणि पहिलं वर्ष तरी मुद्दल मागू नये.

तिसरी गोष्ट गावातल्या काही मंडळींना पटणार नाही, तरी लिहितो. आपला तालुका २००१पासून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्रात आहे, त्यामुळे बांधकामावर बंधनं आहेत. पुष्कळांना ती जाच वाटतात. मी दुब्रोव्निक बघितल्यामुळे मला वाटत नाहीत. तिथल्या जुन्या शहरात १९९१ला पाचेक हजार माणसं राहत होती, आज दीड हजारांच्या आसपास. घरं पाहुण्यांना गेली, वाण्याचं दुकान गेलं, शाळेतली मुलं कमी झाली. शेवटी २०१९पासून बंदरात एका वेळी किती जहाजं घ्यायची, किती माणसं उतरवायची यावर मर्यादा आणावी लागली. मे महिन्यात पसरणी घाटात गाड्यांची जी रांग लागते ती बघितली की हेच डोळ्यापुढं येतं. सरकारी मदत नव्या मजल्यांना नको, जुन्या छपरांना हवी. कुजलेले वासे बदलायला, कौलं फेरायला, मोरीचं पाणी ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात न्यायला. आणि मालक त्या घरात राहतो ही अट हवीच. मालक राहत असेल तर गाव राहतं.

मोठी हॉटेलं नकोत असं मी म्हणणार नाही. माझा पगार मोठ्या हॉटेलातून येतो, त्यातूनच ही कौलं येणार आहेत. महाबळेश्वरातही ब्रिटिश काळातले जुने बंगले आहेत, त्यांची निगा राखणं लहान माणसाच्या आवाक्यातलं नाही, तिथं मोठा पैसा लागेल. फक्त रांगेत त्यांचा नंबर आधी नको.

या आठवड्यात मागच्या खोलीचं छप्पर उतरवलं. आढं शाबूत निघालं, सागाचं आहे. वासे सगळे बदलतोय, वायरिंग मी स्वतः करतोय, मीटरपासून वेगळी लाइन आणि अर्थिंग नवं. खर्च सध्या खिशातून. आत्या आणि चुलत्यांनी वारसनोंदीच्या अर्जावर सह्या केल्यात, तो तलाठी कार्यालयात दिलाय. ‘आई’ योजनेसाठी आणि निवास-न्याहारीच्या नोंदणीसाठी काय काय कागद लागतात त्याची फाइल आईजवळ ठेवलीय. भिलार, कासवंड, पांगारी, कुठल्याही गावच्या ताई-काकूंना बघायची असेल तर घरी या, झेरॉक्स काढून न्या. मी मार्चअखेरपर्यंत इथं आहे. कुणाच्या खोलीची वायरिंग एकदा तपासून हवी असेल तर तेही सांगा, संध्याकाळी शेतावरून आलो की येऊन बघतो.